सहा सोट्यांची पिशवी

भिडस्त गिऱ्हाईक दुकानात शिरलं की चष्मेवाला मनातल्या मनात हात जोडायचा. भांडखोर परवडलं, बडबडं परवडलं, पण भिडस्त नको. डोळे तपासायच्या खुर्चीत बसवायचं, नाकावर ती चाचणीची जड फ्रेम ठेवायची, तिच्या खाचेत एकामागून एक भिंगं सरकवायची आणि विचारायचं, हे बरं की हे? भांडखोर माणूस ताडकन सांगतो, हे भिंग आहे की बाटलीचं बूड? काम झालं. भिडस्त माणूस मात्र समोरच्या अक्षरांऐवजी चष्मेवाल्याच्या तोंडाकडे बघतो, त्याला काय आवडेल याचा अंदाज घेतो आणि म्हणतो, दोन्ही छान आहेत हो. मग चुकीच्या नंबराचा चष्मा लावून घरी जातो, आठवडाभर डोकं धरून बसतो आणि तरी तक्रार करायला येत नाही. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. चष्मेवाल्याच्या मते ती डोकेदुखीची सख्खी आई होती.

एवढं सगळं कळणारा हा माणूस दुकानाचं शटर ओढून घरी आला, की स्वतःच एक नंबरचा भिडस्त व्हायचा. निदान सासूबाई राहायला आल्यापासून तरी.

सासूबाई आल्या त्या पाय मोडून. स्वतःच्याच घराच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीने त्यांना दगा दिला, घोट्याचं हाड मोडलं, आणि लेकीने त्यांचं 'अगं कशाला, मी करते आपलं' वगैरे काही ऐकून न घेता त्यांना प्लास्टरसकट उचलून आपल्या घरी आणलं. लेक म्हणजे चष्मेवाल्याची बायको. तिची बेकरी होती. जगाला सकाळी ताजा पाव हवा असतो, म्हणून ही बाई जग घोरत असताना भट्टी पेटवायची आणि जग जेवायला बसलं की घोरायला लागायची. लग्न झाल्यापासून चष्मेवाल्याच्या संध्याकाळी अशा चवड्यांवर चालत गेल्या होत्या. भांडं वाजवायचं नाही, टीव्ही लावायचा नाही, शिंक आली तर उशीत. बायकोवर त्याचा जीव होता, त्यामुळे तक्रार नव्हती. पण घरात बोलायला कुणी जागं नसलं की माणूस फ्रिजशी बोलायला लागतो, आणि तो लागला होता.

आता फ्रिजच्या जोडीला सासूबाई आल्या. फरक एवढाच की फ्रिज निदान अधूनमधून गुरगुरतो.

सासूबाईंनी सगळी नोकरी कोर्टात टंकलेखिका म्हणून काढली होती. साक्षीदार बोलणार, वकील बोलणार, न्यायाधीश बोलणार, आणि यांची बोटं ते जसंच्या तसं कागदावर उतरवणार. त्यात आपलं एक अक्षर घालायचं नाही, ही कामाची अट. नोकरी संपली, अट अंगात राहिली. पंखा लावू का, असं जावयाने विचारलं, तर त्या म्हणायच्या, तुम्हाला हवा असेल तर लावा. त्याला हवा असायचाच, पण आजारी माणसाला वारा बाधला तर? तो म्हणायचा, मला काही तसं नाही. मग दोघं घाम पुसत बसायचे, आणि डोक्यावर पंखा आपला बंद.

स्वयंपाकघराचं दार तर विचारू नका. अरुंद दार, एका वेळी एकच माणूस जाईल एवढं. कुबड्या टेकत सासूबाई अलीकडून आल्या आणि पलीकडून जावई आला, की दोघंही भिंतीला चिकटून उभे. आधी तुम्ही. छे, आधी तुम्ही. बेकरीवाली म्हणायची, तुम्हा दोघांच्या हातात चहा दिला तर तो दारातच गार होऊन मरेल.

कोंडी फुटली ती एका सैल वायरीमुळे. चष्मेवाला रोज रात्रीच्या जेवणानंतर कानात इअरफोन घालून फोनवर गोल्फ खेळायचा. जगभरची माणसं त्या खेळात ऑनलाइन यायची, समोरचा कोण, कुठला, काही कळायचं नाही; फक्त टोपणनाव दिसायचं आणि बोलायला म्हणून चार-दोन हसरी-रडकी चित्रं पाठवता यायची. एका संध्याकाळी इअरफोनची वायर निसटली आणि शांत खोलीत अचानक टाळ्यांचा कडकडाट झाला. सासूबाईंनी दचकून विचारलं, कुणाचा सत्कार आहे का? त्याने ओशाळून फोन दाखवला. त्या 'बरं बरं' म्हणाल्या आणि पुढचे काही दिवस चष्म्याच्या काठावरून, आपण बघतच नाही असं दाखवत, बघत राहिल्या. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. शेवटी एकदा त्यांना राहवलं नाही. वारा डावीकडून वाहतोय, त्या छताकडे बघत म्हणाल्या, आणि काही माणसं तरीही उजवीकडे मारतात.

चष्मेवाल्याने दुसऱ्याच दिवशी तो खेळ त्यांच्या टॅबलेटवर घातला. टोपणनाव काय ठेवू विचारलं, तर त्यांनी स्टुलावर ठेवलेल्या पायाकडे बघून 'प्लास्टर' सांगितलं. तो आधीपासून 'काचवाला' होता. दोघांची जोडी नोंदवायची तर जोडीचंही नाव लागतं. ते बेकरीवालीने झोपायला जाता जाता टाकलं: 'आधी तुम्ही'.

खेळ असा होता. जोडीला एक पिशवी, पिशवीत सहा खण. तीन एकाने भरायचे, तीन दुसऱ्याने. ज्याने जो क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, आणला तो त्यानेच वापरायचा. आणि खेळ बनवणाऱ्याच्या डोक्यात काय आलं होतं देव जाणे, पण जोडीदाराने आपल्या खणांत काय भरलंय ते सामना सुरू होईपर्यंत दिसत नसे. सगळा विश्वासाचा मामला. गोल्फचं खरं मैदान दोघांपैकी कुणीच पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्या वाकड्या तोंडाच्या काठ्यांची नावं सासूबाईंनीच ठेवली. लांब मारायचे ते सोटे: थोरला, मधला आणि धाकटा. हिरवळीच्या अलीकडून चेंडू टुणकन वर उडवतं ते उलथनं. वाळूच्या खड्ड्यातून चेंडू बाहेर काढते ती पळी. आणि भोकाजवळ पोचल्यावर त्याला हलकेच ढकलतो तो ढकल्या.

पहिल्याच दिवशी वाटणी झाली. सासूबाई म्हणाल्या, लांबचं तुम्ही मारा, मी आपली जवळचं बघते. चष्मेवाला लगेच हो म्हणाला. खरं सांगायचं तर लांबच्या फटक्याची त्याला धास्तीच होती. दिवसभर चष्म्याच्या काड्यांमधले तिळाएवढे स्क्रू फिरवणारा हात तो. त्याचं सुख बारीक कामात. थोरला सोटा उगारताना तो चक्क डोळे मिटायचा. पण सासूबाईंनी जवळचं मागितलं होतं, आणि मागणाऱ्या सासूला नाही म्हणायची जावयाची काय टाप?

तरीही जोडी जमली. फटका मारताना पडद्यावर एक काटा लंबकासारखा हलतो आणि तो बरोबर मध्यावर आला की बोट सोडायचं असतं. सासूबाईंचं बोट टंकलेखनात घडलेलं. ते काट्याच्या आधीही उठायचं नाही आणि नंतरही नाही. 'आधी तुम्ही' एक एक पायरी वर चढत गेली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खोलीत बोलणं सुरू झालं. वाऱ्याबद्दल, वाळूबद्दल, मग कोर्टातल्या खोट्या साक्षीदारांबद्दल, मग दुकानात येऊन स्वतःच्या डोक्यावरचा चष्मा शोधणाऱ्या गिऱ्हाइकांबद्दल. सगळं दबक्या आवाजात, आतली झोप न मोडता. चष्मेवाला संध्याकाळी दुकान बंद करताना घाई करायला लागला. फ्रिजशी शेवटचं कधी बोललो, हे त्याला आठवेनासं झालं.

आणि मग प्लास्टर निघालं.

त्या दिवशी जेवताना सासूबाई समोरच्या पावाच्या टोपलीला उद्देशून म्हणाल्या, आता पाय सुटला, निघायला हवं. चष्मेवाल्याने तीच टोपली त्यांच्यापुढे सरकवली. त्या जायला नको होत्या. अगदी साधी गोष्ट होती: त्या गेल्या की संध्याकाळ पुन्हा चवड्यांवर चालायला लागणार होती, आणि ते त्याला नको होतं. राहा म्हणावं, असं अगदी ओठांवर आलं. पण मोठ्या माणसाने एकदा जाते म्हटल्यावर आडवं पडायचं म्हणजे आग्रहाचा जाच. कुणी सांगावं, कंटाळल्याही असतील. त्यांना त्यांचं घर असेल, शेजार असेल. तेव्हा आपण समजूतदारपणा दाखवावा. असा विचार करून या शहाण्याने हात धुतल्या धुतल्या शनिवारच्या गाडीचं तिकीट काढलं, खिडकीची जागा मिळवली, आणि फोन त्यांच्यापुढे धरला.

सासूबाईंनी बराच वेळ तिकिटाकडे बघितलं. लगेच काढलंत, त्या म्हणाल्या. तुमची गैरसोय नको, तो म्हणाला. फार केलंत, त्या म्हणाल्या. बेकरीवालीने एकदा आईकडे आणि एकदा नवऱ्याकडे बघितलं. तुमचं तुम्ही ठरवलं असेल तर मी काय बोलणार, म्हणाली, आणि आत जाऊन उशीला दोन दणके घालून झोपली.

योगायोग असा की त्याच आठवड्यात 'आधी तुम्ही' जोड्यांच्या साप्ताहिक स्पर्धेत अंतिम फेरीला पोचली. सामना शुक्रवारी संध्याकाळी. शनिवारी गाडी. म्हणजे जिंका नाहीतर हरा, शेवटचाच.

शुक्रवारी सकाळी दुकानाला निघताना चष्मेवाल्याच्या मनात आलं, जाता जाता सासूबाईंना काहीतरी वेगळं द्यावं. तो थोरला सोटा मारायचा तेव्हा त्या खुर्चीच्या कडेला यायच्या आणि धडधाकट पायाची बोटं आवळायच्या, हे त्याने पाहिलं होतं. तो चपला घालत म्हणाला, आज लांबचे तुम्ही घ्या ना, मी जवळचे घेतो. त्या म्हणाल्या, छे छे, तुमचं तुम्हाला राहू दे. तो म्हणाला, नाही, खरंच घ्या. त्या म्हणाल्या, नाही, खरंच नको. तो म्हणाला, बघा, तुम्ही म्हणाल तसं. त्या म्हणाल्या, तुम्ही म्हणाल तसं. एवढं पक्कं ठरवून तो बाहेर पडला.

पिशवी संध्याकाळच्या आत बंद करायची होती. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. चष्मेवाल्याने काउंटरवर कोपर टेकून तीन रिकाम्या खणांकडे बघितलं. काय ठरलं होतं नक्की? आपण म्हटलं, लांबचे तुम्ही घ्या. त्या नको म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या. म्हणजे त्यांना त्यांचं उलथनं, पळी, ढकल्याच हवं. आपण उगाच आग्रह केला तर शेवटच्या दिवशी बिचाऱ्यांना मनाविरुद्ध खेळावं लागेल. फोन करून विचारता आलं असतं. फोन हातातच होता. पण विचारणं म्हणजे पुन्हा आग्रह. त्याने त्यांच्या इच्छेला मान देऊन थोरला, मधला, धाकटा असे तीन सोटे भरले आणि पिशवीला कुलूप लावलं. मग एक भिडस्त गिऱ्हाईक आलं, 'दोन्ही छान' म्हणालं, आणि चष्मेवाला त्याच्यावर, स्वतःलाही आश्चर्य वाटावं इतका, वैतागला.

संध्याकाळी घरात सासूबाईंची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. बेकरीवाली आईला, सकाळी गाडीवर सोडायला बेकरीतून येते, असं सांगून लवकरच आडवी झाली. हे दोघं आपापल्या खुर्चीत बसले, पंखा बंद, खिडकी उघडी. समोरच्या जोडीचं नाव होतं 'दोन बोके'. शिट्टी वाजली आणि पिशवी उघडली.

सहा खण. थोरला, मधला, धाकटा. त्यांच्या खाली पुन्हा थोरला, मधला, धाकटा.

बोक्यांनाही पिशवी दिसत होती. त्यांनी ताबडतोब पोट धरून हसणाऱ्या मांजराचं चित्र पाठवलं.

"तुम्ही सोटे भरलेत?" चष्मेवाल्याने विचारलं.

"तुम्हीच म्हणालात ना, लांबचे घ्या म्हणून. जावयाचा शब्द मोडायचा का?"

"पण तुम्ही नको म्हणालात. म्हणून मी माझेच भरले."

"नको म्हणायची रीतच असते," सासूबाई म्हणाल्या. "ढकल्या कुठाय?"

ढकल्या कुठेच नव्हता. पळी नव्हती, उलथनं नव्हतं. दोघांनी एकमेकांचं ऐकण्याची शर्थ केली होती, आणि अरुंद दारातून दोघंही एकाच वेळी घुसून अडकले होते. आता माघारही घेता येईना. अंतिम सामना सोडला तर नाव स्पर्धेच्या यादीतून उडायचं.

पहिला फटका मारायला तो पुढे झाला, तर सासूबाईंनी हाताने थांबवलं. आता माझ्याकडेही आहे, असं काहीसं पुटपुटत त्यांनी आपला थोरला सोटा निवडला, बोट मागे ओढलं, काटा डुलू दिला आणि सोडला. चेंडू झाडांच्या वरून, तळ्याच्या वरून गेला आणि थेट हिरवळीच्या कडेला जाऊन बसला. असा फटका चष्मेवाल्याला आजवर जमला नव्हता. सासूबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं.

भोक तिथून हाकेच्या अंतरावर होतं. त्या अंतराने त्यांची जी अब्रू घालवली, ती बोके आजही आपल्या नातेवाइकांना सांगत असतील. चष्मेवाल्याने धाकट्या सोट्याने शक्य तितकं नाजूक मारलं. चेंडू हिरवळ ओलांडून वाळूच्या खड्ड्यात. सासूबाईंनी मधल्या सोट्याने वाळू उपसली. चेंडू तसूभर हलला. चष्मेवाल्याने जोर लावला; चेंडू खड्ड्यातून निघाला तो तळ्यात. बोक्यांचं मांजर आता लोळायला लागलं होतं. पाण्यातून चेंडू परत मिळाला, पुन्हा सोटा, पुन्हा हिरवळ पार. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे तर नाक दिसेनासंच झालं होतं.

"अहो, हळू," सासूबाई म्हणाल्या. पुढच्या फटक्याला म्हणाल्या, "अहो, हळू ना." आणि त्याच्या पुढच्या फटक्याला, चेंडू भोकाच्या कडेवरून घरंगळत पुन्हा वाळूकडे निघाला तेव्हा, लग्नापासून आजवरची सगळी अहोजाहो त्यांच्या तोंडून गळून पडली.

"अरे गाढवा, हळू!"

सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. चष्मेवाला त्यांच्याकडे बघत राहिला. आणि मग त्याच्या पोटातून असं काही हसू वर आलं की त्याला फोन मांडीवर ठेवावा लागला. त्याला बघून त्या हसायला लागल्या. आधी हाताआड, मग हात बाजूला टाकून, मग डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. बेकरीवालीची झोप, दबका आवाज, सगळं दोघंही विसरले.

"मला लांबचं मुळी आवडतच नाही," चष्मेवाला डोळे पुसत म्हणाला. "मी डोळे मिटून मारतो. मला तो ढकल्या हवा होता. पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही जवळचं मागितलंत."

"मी मागितलं?" सासूबाई ताठ झाल्या. "जावयाला मोठं काम द्यावं म्हणून मी बारीक घेतलं. त्या ढकल्याने जीव कावला होता माझा. आयुष्यभर काय बारीक काम थोडं केलं? मला तो सोटा मारायचा होता."

सामना चालूच होता, पण आता त्यात काही राम उरला नव्हता. दोघांनी उरलेली मैदानं सोट्यांनी बडवून काढली. फटका कोण मारणार हे आता कुणी कुणाला विचारत नव्हतं. ज्याला मारावंसं वाटे तो मारी. शेवटच्या भोकात चेंडू पडला तेव्हा बोके केव्हाच जिंकून बसले होते, तरी त्यांनी टाळ्यांचं चित्र पाठवलं. बहुधा चिकाटीबद्दल असावं.

हसू ओसरलं. दाराशी भरलेली बॅग होती. चष्मेवाल्याची नजर तिच्यावर गेली आणि त्याच्या डोक्यात काहीतरी चटकन जागेवर बसलं. आज दुपारी आपण पिशवी भरली, तसंच त्या दिवशी तिकीट काढलं. त्या निघायला हवं म्हणाल्या, म्हणून. पण नको म्हणायची जशी रीत असते, तशी जाते म्हणायचीही असते की. चूक निघाली तर? त्या खरंच कंटाळल्या असतील तर? तरीही तो उठला, आपली खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसला, दुकानात गिऱ्हाइकासमोर बसतो तसा.

"आई, समोर बघा," तो म्हणाला. "मी दोन भिंगं लावतो. पहिलं: उद्याची गाडी, तुमचं घर. दुसरं: गाडी जाऊ दे, तुम्ही इथेच राहायचं. पाहुण्या म्हणून नाही, कायमचं. हे बरं, की हे?"

सासूबाईंची बोटं मांडीवर हलत होती, कुणाचं तरी बोलणं टंकून घेत असल्यासारखी.

"तुम्हाला जे सोयीचं," त्या सुरू झाल्या.

"खुर्चीत तुम्ही बसलाय. माझ्या तोंडाकडे बघून उत्तर द्यायचं नाही. आणि दोन्ही छान म्हणालात, तर पुन्हा पहिल्यापासून तपासणी."

बोटं थांबली. सासूबाईंनी एकदा बॅगेकडे बघितलं, एकदा बंद दाराकडे, ज्याच्या मागे त्यांची लेक झोपली होती.

"दुसरं," त्या म्हणाल्या. आवाज लहान होता, पण शब्द स्वच्छ होता. मग त्यांनी मान वर केली. "ते तिकीट बघितलं त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हटलं, किती घाई झाली होती या माणसाला. आता तू सांग. मी राहिले तर बरं, की गेले तर?"

चष्मेवाल्याने खुर्ची आणखी पुढे ओढली.

"राहिलात तर. फ्रिजला गोल्फ येत नाही."

आतलं दार उघडलं. बेकरीवाली डोळे चोळत उभी होती, केस विस्कटलेले, एक गाल उशीच्या घडीने लाल. तिने विचारलं, काय चाललंय, जिंकलात का? चष्मेवाला म्हणाला, सपाटून हरलो. मग हसत कसले होतात? तेव्हा सासूबाईंनी सांगितलं की त्या जात नाहीयेत, तिकीट रद्द करायचंय. बेकरीवालीने आईच्या गळ्यात हात टाकले आणि तिच्या खांद्यावर तोंड ठेवून, दोघांनी मिळून ठरवलंत म्हणून मी आपली गप्प बसले, असं काहीतरी रडक्या आवाजात म्हणाली. म्हणजे या घरात भिडस्त दोन नव्हते, तीन होते. बेकरी चालायची ती पावाच्या पुण्याईवर.

मग ती झोपायला परत गेली. जाताना दार लोटलं नाही. आवाज होऊ दे, म्हणाली, सवय करून घेईन.

चष्मेवाल्याने तिकीट रद्द केलं. पुढच्या आठवड्याच्या स्पर्धेसाठी पिशवी रिकामी होऊन पुढ्यात आली होती. तो काही विचारायच्या आत सासूबाई बोलायला लागल्या. सोटे तिन्ही त्यांचे. त्याने त्यांना हात लावायचा नाही. खिडकीजवळची खुर्ची त्यांना हवी, तिथे उजेड चांगला येतो. आणि पंखा.

"पंख्याचं काय?"

"लाव की रे बाबा. आल्या दिवसापासून हवाय मला."

त्याने बटण दाबलं. पंखा कुरकुरत फिरायला लागला, खिडकीचा पडदा हलला. चहा टाकूया म्हणून दोघं उठले आणि सवयीने एकाच वेळी स्वयंपाकघराच्या दाराशी पोचले. चष्मेवाला भिंतीला चिकटला. आधी तुम्ही, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं.

सासूबाई थांबल्या नाहीत. किंचित लंगडत, त्याच्यासमोरून सरळ आत गेल्या, आणि कपाट उघडता उघडता विचारलं, साखरेचा डबा इतक्या वर कोणी ठेवलाय?